फोन लाइन नसताना दोन डायल-अप मोडेम (फोनच्या तारेवरून संगणकाचा डेटा पाठवणारी यंत्रं) थेट जोडता येतात का?

हो, जोडता येतात. दोन्ही मोडेमच्या 'लाइन' सॉकेटमध्ये साधी टेलिफोनची वायर लावा. खरी अडचण डायल टोनची: तो ऐकू आला नाही की मोडेम पुढे सरकतच नाही. म्हणून टर्मिनलमध्ये (मोडेमला आज्ञा देण्याच्या प्रोग्राममध्ये) एका बाजूला 'एटीएक्स१डी' (ATX1D) टाइप करा, म्हणजे तो टोनची वाट बघणार नाही. लगेच दुसऱ्या बाजूला 'एटीए' (ATA) द्या. रिंग वाजणारच नाही, म्हणून या आज्ञेनेच फोन 'हाताने' उचलायचा. मग ती ओळखीची किरकिर आणि खरखर सुरू होते. पडद्यावर 'कनेक्ट' दिसलं की काय आनंद होतो!

काही मोडेमना लाइनमधला करंट लागतो. तेव्हा एका तारेत ९ व्होल्टची बॅटरी आणि सुमारे ३०० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये घाला. वेग ३३.६ केबीपीएसपर्यंतच (सेकंदाला किलोबिट), ५६ केबीपीएससाठी एक टोक डिजिटल लागतं.