मागे वळून बघणारा तो मुलगा

प्रश्न : ताई, आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरतोय. मैत्रिणीसोबत चालणारा मुलगा दुसऱ्या मुलीकडे वळून बघतोय. त्याच्यावर ‘चाकरमानी’, दुसरीवर ‘मुंबई’ आणि रागावलेल्या मैत्रिणीवर ‘कलमांची बाग’ असं लिहिलंय. हे मूळचं कुठलं?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : दादा, फोटो स्पेनमधल्या जिरोना शहरातला. आंतोनियो गिलेम यांनी २०१५ मध्ये काढलेला, जाहिरातींसाठी विकत मिळणारा, तिघंही मॉडेल. जानेवारी २०१७ मध्ये तुर्कस्तानातल्या एका संगीतप्रेमी फेसबुक पानावर मुलाला गायक फिल कॉलिन्स ठरवलं, मैत्रिणीला प्रोग्रेसिव्ह रॉक (रॉक संगीताचा प्रयोगशील प्रकार) आणि लाल कपड्यातल्या दुसरीला पॉप. म्हणजे टोमणा आधी संगीतातला. ऑगस्टपर्यंत ही नावं चिकटवायची रीत ट्विटरवरून जगभर गेली.

ती इतकी पसरली, कारण सगळं नजरेतच कळतं. आपल्या दशावतारात कथा पुराणातली, पण संवाद तिथल्या तिथे रचले जातात, तसंच हे. तुमच्या वाडीतला टोमणा मला फार खरा वाटला. मोहोर जपायच्या दिवसांत किती बागांत फक्त म्हातारी माणसं असतात!

एक मात्र खटकतं. २०१८ मध्ये स्वीडनच्या जाहिरात लोकपालाने हाच फोटो वापरलेली नोकरीची जाहिरात स्त्रियांना कमी लेखणारी ठरवली, आणि मला ते पटतं. बाईच्या जागी वस्तू ठेवताना जरा थांबावं.

गणपतीच्या बॅनरवर छापणार असाल, तर आधी फोटोचा परवाना विकत घ्या.