डॅन्यूबकाठच्या सायकल प्रवासासाठी जीपीएस यंत्र आणि नकाशे कसे निवडावेत?

जर्मनीतील पासाऊपासून हंगेरीतील बुडापेस्टपर्यंत डॅन्यूबच्या काठाने सायकलवरून जायचे असल्यास वेगळे जीपीएस यंत्र घ्यावे की फोन पुरेल, आणि तिकडचे नकाशे कोठून मिळवावेत, असा आपला प्रश्न आहे. या मार्गावर मी सायकल चालवली आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे की, आधी नकाशा ठरवावा आणि मग तो नकाशा नीट दाखवील असे यंत्र शोधावे. दुकानात यंत्रांची तुलना बॅटरी, पडदा आणि किंमत यांवरून होते. प्रवासात मात्र दर फाट्यावर आपण अवलंबून असतो ते नकाशात काय नोंदलेले आहे यावर.

युरोपातील सायकलमार्गांसाठी ओपनस्ट्रीटमॅप या जगाच्या खुल्या नकाशाच्या माहितीवर तयार केलेले नकाशे मी सर्वांत विश्वासार्ह मानतो. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा प्रकल्प स्वयंसेवकांच्या श्रमावर उभा आहे, आणि जर्मनी व ऑस्ट्रियात ते काम फार बारकाईने झालेले आहे. रस्ता डांबरी आहे की खडीचा, सायकलला प्रवेश आहे की नाही, पिण्याच्या पाण्याचा नळ कोठे आहे, हे सारे त्यात सापडते. आपला टप्पा हा अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोव्हेलो ६ या मार्गाचा भाग आहे, आणि तो संपूर्ण मार्ग या नकाशांत वेगळ्या रेषेने दाखवलेला असतो.

ही बाब डॅन्यूबवर विशेष महत्त्वाची ठरते, कारण ऑस्ट्रियात बराच काळ नदीच्या दोन्ही काठांनी सायकलमार्ग जातो आणि कोणत्या काठाने जायचे हा निर्णय दिवसातून अनेकदा घ्यावा लागतो. श्लोगेनजवळ नदी जेथे मोठे वळण घेते, तेथे उत्तर काठावरचा मार्ग काही अंतर खंडित होतो आणि नावेतून पुढे जावे लागते. या नावा ठरावीक मोसमात आणि दिवसाच चालतात. काही ठिकाणी पूल दूर असला तरी जलविद्युत बंधाऱ्यावरून पलीकडे जाता येते. इब्स-पर्सेनबॉयग हे त्यांपैकी एक. यंत्रात केवळ एका काठाची रेषा भरलेली असेल, तर यातले काहीच कळत नाही. तसेच यंत्राच्या सेटिंगमध्ये फेरीबोट (नाव) टाळण्याचा पर्याय निवडलेला असेल, तर ते अशा जागी आपल्याला अकारण लांबच्या रस्त्याने पाठवू शकते, म्हणून तो पर्याय निघण्यापूर्वीच बंद करावा.

भारतात विकत घेतलेल्या यंत्रात युरोपचा नकाशा असेलच असे गृहीत धरू नये. खरेदीपूर्वी खोक्यावरची माहिती वाचून विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. नसल्यास फारशी अडचण नाही. गार्मिन या कंपनीच्या जीपीएस यंत्रांना चालतील असे ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे ओपनफिट्समॅप आणि ओपनटोपोमॅप यांच्याकडून विनामूल्य मिळतात. त्यांपैकी पहिला खास सायकलसाठी रचलेला आहे. फाइल उतरवून यंत्राच्या किंवा मेमरी कार्डाच्या गार्मिन फोल्डरमध्ये ठेवली की काम होते. कार्ड फॅट३२ पद्धतीचे (फाइली साठवण्याची एक मांडणी) असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, त्यामुळे सगळ्या युरोपचा नकाशा एकदम भरण्याच्या मोहात न पडता बव्हेरिया, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी एवढेच भाग घ्यावेत.

आता फोनविषयी. ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स या अ‍ॅपमध्ये हेच नकाशे आधी उतरवून ठेवता येतात आणि इंटरनेटशिवाय सायकलचा मार्गही काढता येतो. गूगल मॅप्सवर मात्र विसंबू नये, कारण तेथे ऑफलाइन नकाशा उतरवला तरी इंटरनेटशिवाय मिळणारे मार्गदर्शन मोटारीसाठीचे असते, सायकलसाठीचे नाही. फोनची खरी अडचण पाऊस आणि ऊन ही आहे: ओल्या पडद्याला स्पर्श नीट कळत नाही, आणि भर उन्हात दिसावे म्हणून उजेड वाढवला की बॅटरी झपाट्याने उतरते. शिवाय निवाऱ्याचे आरक्षण, पैसे, तिकिटे आणि घरच्यांशी संपर्क हे सगळे त्याच फोनवर असते. तो दिवसभर हँडलवर हादरे खात राहावा, हे मला पटत नाही.

म्हणून परवडत असेल तर वेगळे यंत्र घ्यावे, पण महागडे नको. शर्यतीच्या सरावासाठी बनवलेल्या यंत्रांतील ताकद मोजणे, हृदयगती, चढावांचे विश्लेषण यांचा या प्रवासात काही उपयोग नाही. गार्मिनच्या एज एक्सप्लोर २ चा ३ इंची पडदा नकाशा पाहायला सोयीचा आहे, आणि कंपनीच्या सांगण्यानुसार त्याची बॅटरी १६ तासांपर्यंत चालते. मला स्वतःला त्याच कंपनीच्या एट्रेक्स ३२एक्ससारखे साधे यंत्र अधिक भावते. त्याचा पडदा लहान आहे, परंतु ते बटणांवर चालते, भर उन्हात स्पष्ट दिसते, आणि दोन एए सेलवर सुमारे २५ तास चालते. असे सेल कोणत्याही गावात मिळतात. पॉवर बँक तरीही फोनसाठी लागेलच. ती विमानात हातातल्या सामानातच न्यावी लागते, आणि १०० वॉट-अवरची मर्यादा असल्यामुळे २०,००० एमएएचची, म्हणजे सुमारे ७४ वॉट-अवरची, पॉवर बँक बिनधोक चालते.

मार्गाची जीपीएक्स फाइल (मार्गाचे बिंदू साठवणारी फाइल) यंत्रात भरताना एक भेद अवश्य लक्षात घ्यावा. ट्रॅक म्हणजे बिंदूंची आखलेली रेषा. यंत्र ती जशीच्या तशी दाखवते. रूटमध्ये मोजकेच थांबे दिलेले असतात, आणि त्यांच्या मधला रस्ता यंत्र आपल्या नकाशावरून व सेटिंगवरून स्वतः काढते, त्यामुळे घरी संगणकावर पाहिलेला मार्ग आणि प्रत्यक्षातला मार्ग वेगळे होऊ शकतात. आपण ट्रॅकच घ्यावा, तो दिवसागणिक तुकड्यांत विभागावा, आणि रस्ता सुटल्यावर नवा मार्ग आपोआप काढण्याची सोय बंद ठेवावी. वेमार्क्ड ट्रेल्स या संकेतस्थळावर युरोव्हेलो ६ चा ट्रॅक मिळतो.

कागदी नकाशाही घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. ऑस्ट्रियातील एस्टरबाउअर प्रकाशनाची बाइकलाइन ही नकाशापुस्तके याच मार्गासाठी उपलब्ध आहेत. रात्री मुक्कामावर दुसऱ्या दिवसाचा काठ ठरवताना ती समोर उघडून बसावे. यंत्राच्या लहान पडद्यावर तेवढा प्रदेश एका नजरेत येत नाही. व्हिएन्नापर्यंत मार्गफलक इतके चांगले आहेत की यंत्र क्वचितच लागते. हंगेरीत, विशेषतः ग्योरपासून एस्तेर्गोमपर्यंत, मार्ग अनेकदा वाहनांच्या रस्त्यावर येतो, आणि तेथे यंत्राची खरी गरज भासते.

इनरीचसारखे उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र घेण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असे यंत्र भारतात बाळगता येत नाही आणि विमानतळावर अटकाव होऊ शकतो; केवळ स्थान दाखवणाऱ्या साध्या जीपीएस यंत्राला ही अडचण नाही. संपर्कासाठी जर्मनीत एक सिम कार्ड घेतले तरी भागते, कारण युरोपीय संघात २०१७ पासून रोमिंगचे जादा शुल्क रद्द झाले आहे आणि आपल्या मार्गावरचे चारही देश त्या संघात आहेत.