जो उसळला, त्याचे पोहे

मागच्या अंकात ओझरतं लिहिलं होतं, की सोमवार ते शनिवार मी नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात लोकांचे दात काढते आणि रविवारी सकाळी सोनेगाव विमानतळावरून दोन आसनांचं सेस्ना १५२ उडवते. त्यावर पत्रं आली ती दातांबद्दल कमी आणि विमानाबद्दल जास्त. संपादक म्हणाले, आता तुम्हीच निस्तरा. म्हणून ही उत्तरं. यातली निम्मी अक्कल आमच्या रविवारच्या टोळीची आहे: काटोलकडचे संत्रावाले भाऊ, हायकोर्टातले वकीलसाहेब आणि वीज केंद्रातून निवृत्त झालेले अप्पा. चौघंही हौशी. उडण्याचे पैसे कुणी आम्हाला देत नाही, आम्हीच मोजतो.

प्रश्न: मी १९ वर्षांची, स्टुडंट पायलट. सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी) नीट जमतं, पण उतरताना विमान रनवेवर तरंगतच राहतं, मग आपटून उसळतं. सोबतची मुलं हसतात. काय चुकतंय?

हसू दे. आमच्याकडे नियम असा, की जो उसळला, त्याने सगळ्यांना तर्री पोहे द्यायचे. पहिलं वर्षभर ठेल्यावरचं बिल बहुतेक मीच दिलं. एकदा तर तीन टप्पे घेतले. खाली उतरले तर भाऊ हात जोडून उभे, "डॉक्टरबाई, लॉगबुकात एक लँडिंग लिहू का तीन जी?"

आता कामाचं. शेवटच्या टप्प्यावर तुझा वेग किती असतो, ते उद्या कागदावर लिहून आण. तुम्ही कोणतं विमान उडवता ते तू लिहिलं नाहीस, मी १५२ धरून चालते. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) पूर्ण खाली असताना साठ नॉट पुरतात; नॉट म्हणजे विमानाच्या वेगाचं माप. नवशिक्याला भीती असते, म्हणून तो "असू दे थोडा जास्त" म्हणत सत्तरवर येतो. दहाच नॉट वाटतात, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. सत्तरला साठपेक्षा ती छत्तीस टक्के जास्त असते. ती कुठेतरी जिरायला हवी, आणि ती जिरेपर्यंत विमान जमिनीपासून हातभर वर तरंगत बसतं. तेवढ्यात आपला धीर सुटतो, आपण चाकं जबरदस्तीने टेकवतो आणि ते उसळतं.

यात नागपूरचाही थोडा दोष आहे. सोनेगावचा रनवे ३२०० मीटर लांब. आमचं विमान नीट उतरवलं तर दोनशे मीटरच्या आसपास थांबतं. म्हणजे पंधरा वेळा चुकायला जागा! असा रनवे लाडावून ठेवतो. मग एखाद्या लहान धावपट्टीवर गेलं, की समोरची झाडं अंगावर येतात आणि साठ नॉट म्हणजे साठच नॉट हे एका सकाळीत कळतं.

दुसरं, नजर. उतरताना तू चाकाखालचं डांबर बघत असशील. सगळेच बघतात. मला अप्पांनी सांगितलं, "स्कूटर शिकताना पुढच्या चाकाकडे पाहिलं असतं तर पडली असतीस ना? इथेही लांब बघ, रनवेच्या पार शेवटाकडे." ज्या दिवशी ते ऐकलं, त्या दिवशी पोह्यांचं बिल वकीलसाहेबांनी दिलं.

आणि उसळलंच, तर नाक वर-खाली करणारा दांडा पुढे ढकलू नकोस. हात आपोआप तिकडेच जातो, पण ढकलला की नाकाचं चाक आधी आपटतं, मग दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी, आणि तिसरीला पुढचं चाक किंवा प्रोपेलर जातो. लहान उसळी असेल तर नाक आहे तिथेच धरून ठेव, किंचित थ्रॉटल (इंजिनाची ताकद) दे, ते पुन्हा बसेल. मोठी असेल तर पूर्ण थ्रॉटल, कार्ब हीट (कार्बुरेटरला गरम हवा देणारी सोय) बंद, फ्लॅप टप्प्याटप्प्याने वर, आणि पुन्हा एक सर्किट. अशा न उतरता परत उडण्याला, म्हणजे गो-अराउंडला, आमच्याकडे पोहे लागत नाहीत, हेही त्या मुलांना सांग.

प्रश्न: विमानाच्या कार्बुरेटरमध्ये (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात) बर्फ होतो असं वाचलं. नागपुरात? चेष्टा आहे का? (काटोल)

हाच प्रश्न आमच्या भाऊंनी विचारला होता, आणि तोही मे महिन्यात, घाम पुसत. "इथं माणूस वितळून राहिला, अन् तुम्ही बर्फ सांगता!"

तुमच्या घरी खसचा कूलर असेलच. त्यात बर्फ टाकत नाही, तरी हवा गार येते, कारण पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेतं. कार्बुरेटरमध्ये पाण्याच्या जागी पेट्रोल असतं, आणि ते पाण्यापेक्षा फार लवकर उडतं. शिवाय अरुंद नळीतून हवा जोरात जाते, तिथे दाब कमी होतो आणि ती आणखी गार होते. दोन्ही मिळून तापमान वीसेक अंशांनी सहज खाली येतं, कधी त्याहून जास्त. मे महिन्यातल्या नागपुरात हवाच कोरडी, गोठायला पाणीच नाही. म्हणून भाऊ त्या दिवशी खरे होते. पण श्रावणात बाहेर पंचवीस अंश, हवा ओलीचिंब, आणि तुम्ही इंजिन मंद करून खाली येत आहात, तेव्हा आतल्या झडपेवर बर्फ धरतो. फ्रीज लागत नाही.

माझ्यासोबत हे एकदा झालंय, ऑगस्टमध्ये, अंबाझरी तलाव डावीकडे असताना. काही आवाज नाही, धक्का नाही. फक्त इंजिनाचे फेरे हळूहळू कमी होत गेले, आणि मी न कळत थ्रॉटल थोडा थोडा पुढे सारत राहिले. तिसऱ्यांदा सारताना डोक्यात लख्ख झालं. कार्ब हीटचा दांडा पूर्ण ओढला. आणि इथे बरेच जण घाबरतात, कारण ओढल्याबरोबर इंजिन आणखी खोकतं. वितळलेलं पाणी पोटात जातं ना! माझाही हात दांडा परत ढकलायला निघाला होता. पण धरून ठेवला, आणि अर्ध्या मिनिटाने फेरे परत वर आले. दांडा अर्धवट ओढायचा नसतो, ओढायचा तर पूर्ण.

भाऊंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे कूलर बंद करायचा." तेव्हापासून आमच्या टोळीत कार्ब हीटला "कूलर" म्हणतात. रेडिओवर नाही म्हणत, एवढी शिस्त आहे.

प्रश्न: तुम्ही लोक उन्हाळ्यात पहाटेच का उडता? झोप येत नाही का?

येते. पण सोनेगाव समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर, आणि पारा पंचेचाळीसवर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाला आपण पाच हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. चिखलदऱ्याहूनही उंच! इंजिनाला हवा कमी, पंखाला कमी, प्रोपेलरलाही कमी. पुस्तकात समुद्रसपाटीला मिनिटाला सातशे फूट चढ लिहिलाय. भर दुपारी साडेचारशे मिळाला तरी मी गणपतीला हात जोडते.

त्यात वजन. १५२ चं कमाल वजन ७५७ किलो. रिकामं विमान सव्वापाचशेच्या आसपास, टाक्या भरल्या की पेट्रोलचे सत्तर. उरले एकशे साठ. भाऊ अठ्ठ्याण्णव, मी सदुसष्ट. हिशेब तुम्हीच करा. भाऊ म्हणाले, "पाच किलोनं काय होते जी?" आणि वर संत्र्याची एक करंडी ठेवायला निघाले, गोंदियाजवळच्या बिरसीच्या मित्रासाठी. वकीलसाहेबांनी करंडी तिथल्या तिथे "जप्त" केली आणि आम्ही ती हँगरच्या सावलीत बसून खाल्ली. त्या दिवशी उडालो ते पेट्रोल कमी भरून. विसेक लिटर तासाला जातं, बिरसी पाऊण तासाच्या अंतरावर. जाणं, येणं आणि वर राखीव, एवढं मोजलं आणि तेवढंच ठेवलं.

एक बारीक गोष्ट. गरमीत वेगाच्या काट्यावर साठ नॉट दिसत असले तरी जमिनीवरून तुम्ही खरे चौसष्टच्या पुढे धावत असता. डांबर जोरात पळताना दिसतं आणि वेग आणखी कमी करावासा वाटतो. करू नका. काट्यावर विश्वास ठेवा.

प्रश्न: मी ५२ वर्षांचा, शाळेत मास्तर. या वयात शिकता येईल? (वर्धा)

सर, मी सेहेचाळिसाव्या वर्षी शिकले. खासगी लायसन्सला किमान वय १७ लागतं, दहावी पास लागते, किमान ४० तासांचं उड्डाण लागतं, लेखी परीक्षा आणि रेडिओचा परवाना लागतो. प्रत्यक्षात चाळीसमध्ये फार थोड्यांचं होतं, माझे अठ्ठावन्न लागले. पैसे भरण्याआधी द्वितीय श्रेणीची वैद्यकीय तपासणी करून घ्या. रंग ओळखता येत नाहीत हे लोकांना अर्धी फी भरल्यावर कळतं. आणि या लायसन्सवर भाडं घेऊन कुणाला फिरवता येत नाही, हे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा.

प्रश्न: आमच्या ग्रुपमधले एक सीनियर हवामान बिघडलेलं दिसत असूनही निघतात. मी सगळ्यांत नवा. त्यांना कसं सांगू?

तुमचं पत्र मी टोळीत वाचून दाखवलं. अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत.

मला कसं सांगितलं गेलं ते सांगते. सप्टेंबरचा रविवार होता. मला बिरसीला जाऊन दीडपर्यंत परत यायचं होतं, कारण दोन वाजता अक्कलदाढेचा एक पेशंट बोलावला होता. पूर्वेला, भंडाऱ्याकडे, ढग फुलकोबीसारखे फुगत होते. मी ते पाहिले होते. पाहून "जाईन बाजूने" असं ठरवलंही होतं. वकीलसाहेब माझ्याहून तीन वर्षांनी नवे, तास माझ्या निम्मे. ते ढगांबद्दल अक्षर बोलले नाहीत. चहाचा कप हातात देत म्हणाले, "डॉक्टरबाई, पेशंटची वेळ किती वाजताची?"

मी दोन म्हणाले. आणि मलाच ऐकू आलं, की मी आकाश बघून निघाले नव्हते, घड्याळ बघून निघाले होते. पेशंटला फोन करून सोमवार दिला, विमान परत लावलं.

गंमत म्हणजे दुपारी काहीच झालं नाही. दोन वाजता लख्ख ऊन! ढग कुठे विरले कुणास ठाऊक. आम्ही वकीलसाहेबांना महिनाभर "हवामान खातं" म्हणून चिडवलं. ते हसत राहिले आणि पुढच्या वेळी पुन्हा तसंच विचारलं.

तर सीनियरना हवेबद्दल सांगायला जाऊ नका. हवा त्यांना तुमच्याहून जास्त कळते आणि तुम्हाला गप्प बसवायला तेवढं पुरतं. "आज पोचायची घाई आहे का, सर?" एवढं विचारा. चिडले तर समजा, घाई आहे. आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर त्या दिवशी बसू नका. हे अप्पांचं वाक्य, तासाभराने बोललेलं.

प्रश्न: विमानात वर गेलं की माझी दाढ ठणकते. इलाज पायलटने सांगावा की डेंटिस्टने?

दोघींनी सांगते. पाच हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सतरा टक्क्यांनी कमी असतो. जुन्या सिमेंटखाली किंवा किडलेल्या दाताच्या आत अडकलेली हवा फुगते आणि नस दाबते. वर जाताना दुखून खाली येताना थांबत असेल तर दात तपासा, एक्स-रे काढा. उलट खाली येताना वरच्या दाढा दुखत असतील तर बऱ्याचदा दात निर्दोष असतो आणि सर्दीने सायनस बंद झालेलं असतं. सर्दीत उडू नका. क्लिनिकला या, पण रविवारी नको.

प्रश्न: वरून तुमचं घर दिसतं का?

दिसतं. सर्किटमध्ये उजवीकडे दीड-दोन सेकंद. आमच्या यजमानांना विमानात बसायची हौस नाही, पण रविवारी ते गच्चीवर चादर वाळत घालतात. पांढरी असली तर सगळं ठीक. पिवळी असली तर येताना दही आणायचं. गेल्या रविवारी पिवळी होती, आणि मी तिच्याकडे बघण्याच्या नादात सत्तर नॉटवर आले. पोहे माझ्याकडून झाले, दही विसरलं.