ठेका कुणी धरायचा, रोबोनं की वादकानं?

प्रश्न : मी एका ड्रमलाइनला, म्हणजे मैदानात चालत ड्रम वाजवणाऱ्या पथकाला, शिकवतो. पुढच्या शोमध्ये मुलांना रोबो ड्रम हवेत आणि त्यावरून दोन तट पडले आहेत. काहींना पाचव्या बास ड्रमच्या जागी चाकांवर फिरणारा रोबो हवा, बाकीचे म्हणतात तो पुढे पिटमध्ये, म्हणजे मैदानाच्या पुढच्या कडेला मांडलेल्या वाद्यांत, एका जागी ठेवावा. लय बिघडू नये म्हणून सगळ्यांच्या कानात क्लिक, म्हणजे लय मोजणारी टिकटिक, द्यावा, असंही काहींचं म्हणणं आहे. तुमचं मत काय?

उत्तर : रोबो पिटमध्ये ठेवा, आणि क्लिक कुणाच्याही कानात देऊ नका.

आधी पाचव्या बासबद्दल बोलतो, कारण तो बेत ऐकून मला खरंच वाईट वाटलं. बासच्या रांगेत एकेकाच्या वाट्याला वाक्यातला एखाददुसरा ठोकाच येतो. मिनिटाला १८० मात्रांच्या लयीत सिक्स्टीन्थ, म्हणजे पाव मात्रेचे ठोके, पाच जणांत वाटले, तर दोन ठोक्यांमध्ये जेमतेम ८३ मिलिसेकंद उरतात. एवढ्याशा फटीत आपला ठोका बरोबर बसवायला मुलं शेजाऱ्याचा श्वास आणि खांदा ओळखायला शिकतात. बास वाजवण्यातलं सगळं शिक्षण तिथेच आहे. ते यंत्राच्या हवाली करू नका. हाताला जे जमत नाही, ते यंत्राला द्या: चार टोकांना ठेवलेल्या ड्रमवर एकाच क्षणी पडणारा ठोका, किंवा हात दमेल इतका वेळ एका जोरानं चालणारा सिंगल स्ट्रोक (दोन हातांचे आलटूनपालटून एकेक ठोके).

आता वेळेचं गणित. २० अंश सेल्सिअसला हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. तुमची बॅटरी, म्हणजे चालत वाजवणारे ड्रमवाले, पिटच्या ३० मीटर मागे असेल, तर तिचा ठोका पिटपर्यंत यायला ८७ मिलिसेकंद लागतात. म्हणजे १८०च्या लयीत अख्खा एक सिक्स्टीन्थ. म्हणून तर पिटमधल्या मुलांना आपण ‘मागे ऐका’ असं बजावत असतो. मागून आलेल्या आवाजाबरोबर त्यांनी वाजवलं, तरच समोरच्या प्रेक्षकाला दोन्ही एकत्र ऐकू येतं.

वायरलेस संदेशाला हा उशीर नाही. रांगेतल्या मधल्या वादकाच्या स्नेअर ड्रमवर ठोक्याचा धक्का ओळखणारा पिझो सेन्सर लावला आणि त्या क्षणीच रोबोनं वाजवलं, तर प्रेक्षकाला रोबो एक सिक्स्टीन्थ आधी ऐकू येईल. त्याला मुद्दाम थांबवावं लागतं. किती, तर अंतर भागिले ३४३, आणि त्यातून रोबोच्या यंत्रणेला लागणारा वेळ वजा. तुमच्याकडे ड्रिलचा, म्हणजे कोण कधी कुठे चालणार याचा, नकाशा आहेच. पाच यार्डांना आठ पावलं, या हिशेबानं आठ पावलांत साडेचार मीटरच्या आसपास अंतर बदलतं, म्हणजे १३ मिलिसेकंद. प्रत्येक सेटसाठी, म्हणजे नकाशातल्या प्रत्येक ठरलेल्या मांडणीसाठी, थांबण्याचा वेळ तक्त्यात लिहून तो रोबोला भरवा. हे काम नकाशा समजणाऱ्या मुलाकडे द्या, त्याला फार आवडेल.

यंत्रणेचा वेळ मोजूनच घ्या. सोलेनॉइडला (वीज मिळताच दांडा ढकलणाऱ्या तारेच्या गुंडाळीला) वीज मिळाल्यापासून स्टिक ड्रमवर पडेपर्यंत बराच वेळ जातो, आणि हलक्या ठोक्याला जोरकस ठोक्यापेक्षा जास्त. मी एका टेबलावर पॅड, त्यावर सोलेनॉइडची स्टिक आणि बाजूला मायक्रोफोन ठेवतो. वीज दिल्याची खूण आणि ठोका एकाच रेकॉर्डिंगमध्ये घेतो, मग पडद्यावर दोन्हींमधलं अंतर बघतो. हलक्यापासून जोरकसपर्यंत प्रत्येक पायरीला हे करायचं. त्याच रेकॉर्डिंगमध्ये आणखी एक गोष्ट सापडते. वीज जरा जास्त वेळ राहिली की स्टिक हेडवर, म्हणजे ड्रमच्या ताणलेल्या पृष्ठावर, दाबून बसते आणि लाट मध्येच कापल्यासारखी दिसते. ड्रम गुदमरला, हे कानाच्या आधी डोळ्यांना कळतं. दांडा मागे येऊन आपटतो त्याची टिकटिकही दिसेल. तिथे फेल्टची चकती घाला.

बॅटरी फार जवळ आली, दहा मीटरच्या आत, की थांबायला वेळच उरत नाही. यंत्रणेचा उशीरच जास्त ठरतो. अशा जागी रोबोनं आधीच्या ठोक्यांवरून पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाज बांधायला हवा. म्हणून रोबोचं वाजवणं लहान वाक्यांत तोडा. प्रत्येक वाक्याची सुरुवात मधल्या स्नेअरवाल्याच्या ठोक्यानं, आणि आतली लय त्याच्या शेवटच्या काही ठोक्यांवरून. चढणीला मुलांनी लय किंचित ओढली तर रोबोही ओढेल. क्लिक दिलात तर हेच मरतं: सगळे आपापल्या कानातल्या आवाजाशी जुळतात, एकमेकांशी नाही, आणि मैदानावर अंतर पडलं की आवाज पुन्हा फाटतोच. यंत्रानं माणसाचं ऐकणं अशक्य नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात गिल वाइनबर्ग यांनी २००० नंतरच्या दशकातच ‘हेली’ नावाचा ड्रम वाजवणारा रोबो केला होता, आणि तो सोबतच्या वादकाचं ऐकून वाजवत असे.

प्रश्न : आमच्या रोबोचा सिंगल स्ट्रोक भन्नाट आहे, पण बझ रोल, म्हणजे सलग घरघरणारा आवाज, काही केल्या येत नाही. गती वाढवूनही मशिनगनसारखा आवाज येतो. का?

उत्तर : गती वाढवून तो येणारच नाही. बझमध्ये हात एकदाच पडतो, पुढच्या उड्या स्टिक आणि हेड मिळून घेतात. बोटं फक्त पकड सैल-घट्ट करतात. सोलेनॉइडला स्टिक घट्ट जोडली की उडी मारायला वावच नाही. पकडीला बिजागरी आणि तिच्यावर घर्षण कमीजास्त करणारी छोटी मोटर लावा. कोपराखाली हात गमावलेल्या एका ड्रमरसाठी वाइनबर्ग यांच्याच गटानं २०१४ साली कृत्रिम हात तयार केला. त्यात स्टिकची पकड मोटरनं बदलते, कारण अडचण हीच होती. मार्चिंग स्नेअरचं अरामिड धाग्याचं हेड फार ताणलेलं असतं, उसळी जोरात मिळते. म्हणून सराव पॅडवर जुळवलेली पकड खऱ्या ड्रमवर पुन्हा जुळवावी लागेल.

प्रश्न : स्पर्धेत रोबो चालेल का?

उत्तर : आयोजकांना लेखी विचारा, आणि रचना बसवायच्या आधी विचारा. अमेरिकेत अशा स्पर्धा भरवणाऱ्या ड्रम कॉर्प्स इंटरनॅशनलनं ध्वनिवर्धन २००४ मध्ये आणि इलेक्ट्रॉनिक वाद्यं २००९ मध्ये स्वीकारली, त्यामुळे दारं बंद आहेत असं समजू नका. पत्रात एक गोष्ट स्पष्ट लिहा: रोबोचा प्रत्येक वाक्यारंभ मैदानावरच्या वादकाच्या ठोक्यानं होतो. जमल्यास सेन्सर लावलेल्या स्नेअरचा आणि रोबोचा एकत्र व्हिडिओ जोडा.