जपानी लोक 'मेइबुत्सु' कशाला म्हणतात? मराठीत 'प्रसिद्ध पदार्थ' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. आमचे साडूपण हेच म्हणतात, "म्हणजे आपली लोणावळ्याची चिक्कीच की, त्यात एवढं काय", आणि दर दिवाळीला त्यावरून आमची जुंपते.

मी नागोयाला डेप्युटेशनवर होतो. ऐन उन्हाळ्यात एका शनिवारी इसे गावच्या मोठ्या शिंतो देवळात गेलो, येताना ऑफिससाठी आकाफुकूचा डबा घेतला. 1707 पासूनचं दुकान, इसेचं मेइबुत्सु, म्हणजे त्या गावाची ओळख झालेली गोष्ट, ती हीच. पांढऱ्या मोचीवर, म्हणजे तांदळाच्या चिकट गोळ्यावर, लाल चवळीसारख्या आझुकीचं गोड पुरण, त्यावर बोटांनी ओढल्यासारख्या तीन लाटा. त्या लाटा म्हणजे देवळाशेजारची इसुझु नदी आणि खालची मोची म्हणजे नदीतले गोटे. सोमवारी ऐटीत डबा टेबलावर ठेवला. शेजारच्या बाईंनी झाकण उघडायच्या आधी तारीख बघितली, हसून थँक्यू म्हणाल्या आणि डबा अलगद परत ठेवला. उन्हाळ्यात तो दोनच दिवस टिकतो, विकत घेतला तो दिवस धरून! त्यात सगळे तुकडे एकमेकांना चिकटलेले, काढायला एक छोटी पट्टी, म्हणजे वाटणार तरी कसं. संध्याकाळी डबा घरी आणला आणि एकट्याने संपवला, पोटाला काही झालं नाही, ते असो.

पुढच्या वेळी हिरोशिमाहून मोमिजी मांजू आणले, आत गोड सारण भरलेले छोटे केक, मेपलच्या पानाच्या आकाराचे, प्रत्येक वेगळ्या कागदात. प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवत गेलो तर कागद काढायच्या आधीच सगळे "ओ, हिरोशिमा!" चव कशी हे कोणी विचारलंच नाही. मेइबुत्सु हे असं. आधी गाव आठवतं, मग पदार्थ. पूर्वी गावातले लोक वर्गणी काढून दोघा-चौघांना इसेच्या यात्रेला पाठवायचे, मग मागे राहिलेल्यांसाठी काहीतरी आणणं भागच होतं. असं आणलेलं ते ओमियागे, म्हणजे वस्तू एकच असली तरी शब्द दोन. तोकाइदो या एदो (आताचं टोकियो) ते क्योतोच्या जुन्या रस्त्यावर तर मुक्कामागणिक मेइबुत्सु. त्यातल्या मारिको मुक्कामाचं म्हणजे किसलेल्या कंदाचं तोरोरो सूप, जुना चित्रकार हिरोशिगे, त्याच्या चित्रात त्या टपरीवर पाटीच आहे 'मेइबुत्सु तोरोरोजिरू'.

हां, आणि ते खाण्याचंच पाहिजे असं नाही. विक्षिप्त प्रोफेसरलासुद्धा कॉलेजचं मेइबुत्सु म्हणतात. आणि सगळं चविष्ट असतं असंही नाही, त्यांचीच म्हण आहे, 'मेइबुत्सु नि उमाइ मोनो नाशि', नावाजलेल्यात चवदार काही नसतं. आता तर बरंचसं मोठ्या स्टेशनांवरच मिळतं, त्यामुळे साडूंचा मुद्दा अगदीच चूक नाही, पण हे त्यांना सांगू नका.

कारण गेल्या दिवाळीत त्यांनी 'खास लोणावळ्याहून' आणलेल्या चिक्कीच्या पुड्यावर हडपसरच्या सुपरमार्केटचं स्टिकर होतं. मी ते काढून फ्रिजवर चिकटवून ठेवलंय.