बेसबॉलच्या संघाने तगडा स्टार्टिंग पिचर (मॅचची सुरुवात करणारा गोलंदाज) आणला, तरी त्याच संघाचे चाहते कुरकुर का करतात?

तुम्ही विचारलंय की ट्रेड करून, म्हणजे दुसऱ्या संघाशी खेळाडूंची अदलाबदल करून, चांगला पिचर आल्यावर लोकांनी पेढे वाटायचे, की रडगाणं गायचं? मी बॉस्टनजवळ राहतो. इथे लोक दोन्ही करतात, आणि तेही एकाच दमात.

11 डिसेंबर 2024 ला आमच्या बॉस्टन रेड सॉक्सने शिकागो व्हाइट सॉक्सकडून गॅरेट क्रोशे हा स्टार्टिंग पिचर घेतला. त्या आठवड्यात सगळे आधीच वैतागलेले होते. हुआन सोटो या फलंदाजासाठी आमच्या संघानेही बोली लावली होती, तो 76.5 कोटी डॉलरवर न्यूयॉर्क मेट्सकडे गेला. पाठोपाठ मॅक्स फ्रीड हा डावखुरा पिचर आमच्या जुन्या वैऱ्याने, यँकीजने उचलला. यँकीजचं नाव काढलं तरी इथल्या माणसाच्या कपाळावर आठी पडते. त्यामुळे क्रोशेची बातमी आली तेव्हा पहिली प्रतिक्रिया होती 'हुश्श!' आणि दुसरी, 'बदल्यात कोण गेलं?'

खरी मेख इथे आहे. हार्दिक पांड्या मुंबई इंडियन्सकडे परत आला तेव्हा गुजरातला पैसे मोजले गेले. बेसबॉलमध्ये मोठ्या पिचरच्या बदल्यात बहुतेक वेळा तरुण खेळाडू द्यावे लागतात, खालच्या लीगमध्ये वाढवलेले. क्रोशेसाठी चार पोरं गेली. त्यातला ब्रेडन माँटगोमेरी त्याच वर्षी निवडलेला, आमच्या संघटनेतर्फे एक मॅचही न खेळलेला, त्यामुळे त्याची हळहळ कागदावरचीच. काइल टीलचं तसं नव्हतं. तो कॅचर, म्हणजे क्रिकेटच्या विकेटकीपरसारखा, 2023 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिल्या फेरीतला.

आमच्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक आजोबा राहतात. त्या ऑगस्टमध्ये ते मला वूस्टरला घेऊन गेले होते, रेड सॉक्सच्या हाताखालच्या संघाची मॅच बघायला. मांडीवर स्कोअरकार्ड, कानामागे पेन्सिल. टीलकडे बोट दाखवून म्हणाले, "पुढची दहा वर्षं आपल्याला कॅचरची चिंता नाही." डिसेंबरमध्ये बातमी आली तेव्हा ते अंगणातला बर्फ ओढत होते. मला बघून फावडं रोवलं आणि एवढंच म्हणाले, "टील गेला." क्रोशेचं नावसुद्धा नाही!

शंका निव्वळ भावनिक नव्हत्या. क्रोशेच्या कोपरावर 2022 मध्ये शस्त्रक्रिया झालेली. 2024 मध्ये पहिल्यांदाच तो स्टार्टर म्हणून उतरला आणि 209 फलंदाज स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले, पण 32 मॅचमध्ये मिळून इनिंग फक्त 146. म्हणजे नऊ इनिंगच्या मॅचमागे पाचही नाहीत. त्यात स्टार्टर खेळणार पाच दिवसांतून एकदा, आणि लीगच्या नियमांनुसार तेव्हा तो आमच्या हातात उरलेला दोनच मोसम. चार पोरांचा हा हिशेब महागच वाटत होता.

शिवाय दुधाने तोंड पोळलेली ही माणसं. 1990 मध्ये लॅरी अँडरसन नावाच्या रिलीफ पिचरसाठी (स्टार्टरनंतर मध्येच उतरणारा) ह्यूस्टनला जेफ बॅगवेल हा तरुण फलंदाज दिला. अँडरसन इथे महिनाभर खेळला, बॅगवेल पुढे महान खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. आजोबांसमोर अजून तो विषय काढायची सोय नाही. पण याच व्हाइट सॉक्सकडून 2016 मध्ये चार तरुण देऊन ख्रिस सेल हा पिचर आणला होता, आणि 2018 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा, शेवटचा आउट त्यानेच काढला. दोन्ही बाजूंना हाताशी दाखले तयार, मग वाद संपतो कशाला!

माझं मत विचाराल तर मी त्या दिवशीही ट्रेडच्या बाजूने होतो. उद्याची आशा बाकावर बसवून आजची मॅच जिंकता येत नाही. पुढे क्रोशेने सहा वर्षांचा, 17 कोटी डॉलरचा करार केला आणि 2025 मध्ये 255 स्ट्राइकआउट काढले. 30 सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये यँकीजविरुद्ध प्लेऑफची मॅच, समोर तोच फ्रीड. क्रोशेने 117 चेंडू टाकले, एकच रन दिला, आम्ही 3-1 ने जिंकलो. पुढच्या दोन मॅच हरून घरी आलो, तो भाग वेगळा.

ती मॅच आजोबांच्याच दिवाणखान्यात बघितली. क्रोशेचा शेवटचा स्ट्राइकआउट झाल्यावर ते उठून उभे राहिले, टाळ्या वाजवल्या. टील एव्हाना शिकागोच्या मुख्य संघात पोहोचला होता. उन्हाळाभर रोज सकाळी ते आधी रेड सॉक्सचा स्कोअर बघत आणि मग, कोणाला न सांगता, त्याचा.