माल बेळगावात, गिऱ्हाईक खानापुरात

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचा ताडपत्री, पाईप आणि शेतीच्या किरकोळ सामानाचा धंदा आहे. मुख्य गोदाम बेळगावात. दुकानं खानापूर, निपाणी आणि शिनोळीला. दोन वर्षांपासून सगळा स्टॉक ईआरपीनेक्स्ट या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर आहे. यंदा मृगाच्या तोंडावर खानापुरात १२ बाय १८ची ताडपत्री संपली, गिऱ्हाइकं परत गेली, आणि त्याच दिवशी बेळगावच्या गोदामात त्याच मापाच्या ८६ पडून होत्या. रीऑर्डर लेव्हल (शिल्लक ज्याच्या खाली गेली की सॉफ्टवेअर आपोआप मालाची मागणी काढतं तो आकडा) २० घातली होती, तरी मागणी निघाली नाही. कुठं चुकलं? आणि शिनोळीला माल विक्रीचं बिल न करता नुसत्या डिलिव्हरी चलनावर पाठवला तर चालतो काय? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : दादा, स्क्रीनचा फोटो सोबत पाठवलात ते बरं केलंत, चूक त्यातच दिसते. आयटमच्या पानावर रीऑर्डरचा तक्ता असतो. त्यात शिल्लक कुठल्या गटात तपासायची याचा एक रकाना आहे. तिथं तुमच्याकडं सगळ्या गोदामांचा गट निवडलाय. म्हणजे चारही ठिकाणची बेरीज तपासली जाते. खानापूर शून्य, पण बेळगाव ८६. बेरीज २०च्या खाली येणार कशी? तो रकाना मोकळा करा आणि प्रत्येक दुकानाची वेगळी ओळ घाला. खानापूर-निपाणीच्या ओळीत मागणीचा प्रकार 'ट्रान्सफर' हवा. तुम्ही 'खरेदी' ठेवलाय, म्हणजे मागणी निघाली असती तरी नवा माल विकत घ्यायची निघाली असती.

एवढं करूनही मागणी निघेना, तर जुन्या मागण्या तपासा. सॉफ्टवेअर नुसता हातातला माल बघत नाही. हातातला, अधिक मागितलेला, अधिक ऑर्डर दिलेला, वजा गिऱ्हाइकासाठी राखलेला, असा हिशेब घालून ते लेव्हलशी ताडतं. फेब्रुवारीत कुणी ४० नगांची मागणी घातली आणि ती तशीच उघडी राहिली, तर त्याच्या लेखी ४० नग येणारच आहेत. मग ते गप्प बसतं. रविवार पेठेत एका घाऊक दुकानात मी अकरा वर्षं स्टॉकवही लिहिली. माल पोचला की मागणीच्या ओळीसमोर तांबड्या शाईची टिक, आणि टिक नसलेल्या ओळी मालक दर शनिवारी स्वतः विचारायचे. तसंच करा. शनिवारी उघड्या मागण्यांची यादी काढा आणि ज्यांची गरज उरली नाही त्या 'स्टॉप' करा.

आता तो २०चा आकडा. तिन्ही दुकानांना एकच आकडा घालणं मला पटत नाही. खानापूरचा पाऊस वेगळा, निपाणीचा वेगळा. समजा, जूनमध्ये खानापुरात दिवसाला ६ ताडपत्र्या खपतात आणि तुमचा टेम्पो मंगळवारी नि शुक्रवारी सुटतो. दोन फेऱ्यांत जास्तीत जास्त चार दिवस, मागणी निघून माल बांधायला एक. पाच दिवसांचे ३०, वर दोन दिवसांची गंगाजळी १२. लेव्हल झाली ४२. जानेवारीत दोन दिवसांत एखादी खपत असेल तर ५ पुरेत. रोहिणी लागायच्या आधी, मेच्या तिसऱ्या आठवड्यात आकडे वाढवा, गणपती झाले की उतरवा. हे काम माणसानंच करायचं.

टेम्पोतला मालही कुठल्या तरी नावावर हवा. 'वाटेवर' असं एक ट्रान्झिट गोदाम उघडा. बेळगावातून निघाला की त्यात, खानापुरात नग मोजून घेतल्यावरच दुकानात. दोन नग कमी उतरले तर त्याच संध्याकाळी कळतं.

शिनोळीचं मात्र वेगळं आहे, इथं चूक करू नका. खानापूर, निपाणी आणि बेळगाव कर्नाटकातल्या एकाच जीएसटी नोंदणीखाली असतील, तर आपसात माल हलवणं ही विक्री नव्हे. डिलिव्हरी चलन पुरतं, कर नाही. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. तिथली नोंदणी वेगळी, आणि कायद्याच्या नजरेत मालक एक असला तरी त्या दोन वेगळ्या व्यक्ती. पैसे न घेता माल पाठवला तरी तो पुरवठा धरला जातो. टॅक्स इन्व्हॉइस, म्हणजे कराचं बिल करून आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी) लावावा लागतो. शिनोळीला त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तिथल्या विक्रीच्या करातून तो वजा होतो, पण तिथला माल खपेपर्यंत तेवढी रक्कम अडकते. म्हणून तिथं ढीग करून ठेवू नका, थोडा थोडा पाठवा. सॉफ्टवेअरमध्ये शिनोळीला ट्रान्सफरची एन्ट्री नको. अंतर्गत ग्राहक म्हणून नाव घालून इन्व्हॉइसच करा.

मालाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर गेली की ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा कागद) दोन्हीकडं लागतं, निपाणीच्या चलनालाही. विक्री नाही म्हणून ते चुकत नाही. टेम्पो सुटायच्या आधी ड्रायव्हरच्या हातात कागद द्या.